कमी पेट्रोल पिणारी गाडी आपल्या दारात यायला एवढा उशीर का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात वडिलांची एक वही असायची. पंपावर टाकी फुल केली की किलोमीटर, लिटर आणि भाव असे तीन आकडे त्यात पडायचे. वडिलांनंतर वही माझ्याकडे आली. नात्यात, ओळखीत कुणी गाडी घ्यायची म्हटलं की मला फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा प्रश्न हल्ली येऊ लागलाय: "लिटरला सत्तावीस देणाऱ्या गाड्या निघाल्यात म्हणतात, मग त्या आपल्याला का परवडत नाहीत?" त्या दुसऱ्या प्रश्नाभोवतीचे सगळे प्रश्न इथे घेतले आहेत.

हे तंत्रज्ञान अजून नवीन आहे, म्हणून उशीर होतोय का?

नाही. टोयोटाने जपानमध्ये प्रियस ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली गाडी विकायला काढली ती डिसेंबर १९९७ मध्ये. त्या वर्षी जन्मलेली मुलं आज स्वतःच्या पगारावर गाडी घेतायत. आपल्याकडे होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली, पण ती आयात केलेली होती आणि किंमत २० लाखांच्या वर. २०१० मध्ये प्रियस आली, तिची किंमत २५ लाखांच्या वर. तेव्हा एवढे पैसे मोजणाऱ्या माणसाला पेट्रोलच्या बिलाची चिंता नव्हती, आणि ज्याला होती तो शोरूमच्या काचेतून गाडी बघून पुढे जात होता.

इथेच जुळवलेली, मध्यमवर्गाच्या निदान नजरेच्या टप्प्यात येणारी खरी हायब्रिड मिळायला २०२२ साल उजाडलं. मे महिन्यात होंडा सिटी हायब्रिड १९.४९ लाखांना आली, आणि सप्टेंबरात मारुतीची ग्रँड व्हिटारा. या ग्रँड व्हिटाराचं साधं पेट्रोल मॉडेल १०.४५ लाखांपासून सुरू होत होतं आणि हायब्रिड १७.९९ लाखांपासून (दोन्ही एक्स-शोरूम). उशीर कशाचा आहे, ते या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत दिसतं.

पण पेट्रोल वाचतं ना? मग जास्तीचे पैसे वसूल होत नाहीत का?

हा हिशेब मी प्रत्येकाला कागदावर करून दाखवतो, इथेही करतो.

पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू. शहरात साधी पेट्रोल एसयूव्ही खरोखरचं १४ चं ॲव्हरेज देते आणि हायब्रिड २२ चं, असं समजू. महिन्याला १,००० किलोमीटर चालवलं तर पहिलीला साधारण ७१ लिटर लागतं, दुसरीला ४५. म्हणजे २६ लिटर वाचलं, रुपयांत सुमारे २,७००.

आता दुसरी बाजू. तेवढ्याच सोयींच्या साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा हायब्रिड ऑन-रोड साडेतीन लाखांनी महाग पडते असं धरू. एवढे जास्तीचे पैसे ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर फक्त त्या फरकाचा हप्ता महिन्याला ५,६०० च्या वर जातो. वाचले २,७०० आणि गेले ५,६००! सात वर्षं दर महिन्याला खिशातून जवळपास तीन हजार घालायचे, तेही पेट्रोल वाचवण्यासाठी. रोख पैसे भरले तरी ते पेट्रोलमधून भरून यायला जवळजवळ अकरा वर्षं लागतात. रोज गाडी नेत नाही, महिन्याला ५०० किलोमीटरच होतं, अशा माणसाचं तर आयुष्यभर वसूल होणार नाही.

हाच हिशेब महिन्याला ३,००० किलोमीटर फिरणाऱ्यासाठी करून बघा. वाचणारी रक्कम ८,१०० रुपयांवर जाते आणि हायब्रिड पहिल्या महिन्यापासून परवडते. म्हणून पर्यटनाच्या धंद्यातले, कंत्राटदार, पुणे-मुंबई सतत ये-जा करणारे लोक ती घेतात आणि खूश असतात.

मला बोचतं ते हे की, पेट्रोल वाचवण्याचे पैसे आधी भरावे लागतात. पाच-पाच लिटर टाकून महिना काढणाऱ्या घराला बचतीची सगळ्यात जास्त गरज असते, आणि तीच आगाऊ रक्कम त्याच्याकडे नसते.

हायब्रिड एवढी महाग का पडते? त्यात असतं काय?

त्यात दोन यंत्रणा असतात. पेट्रोल इंजिन असतंच, शिवाय मोटर, जनरेटर, मोठ्या दाबाची बॅटरी, आणि इंजिन व मोटर यांच्यात क्षणाक्षणाला काम वाटून देणारी इलेक्ट्रॉनिक्स. बॅटरी मात्र लोकांना वाटते तेवढी मोठी नसते. ग्रँड व्हिटारा आणि तिची जुळी बहीण, टोयोटाची हायरायडर यांची बॅटरी ०.७६ किलोवॉट-अवरची आहे, म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत पाऊण युनिट. खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेकवर वाया जाणारी ताकद ही बॅटरी साठवते, पण अर्ध्या वाटेतच ती भरून जाते. सिग्नलला इंजिन बंद, निघताना मोटरवर, ब्रेक दाबला की चार्जिंग, हे तिचं मुख्य काम. म्हणून स्वारगेटच्या कोंडीत ती जीव तोडून पेट्रोल वाचवते आणि एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगात तिचा फायदा आटतो.

किमतीचं दुसरं कारण यंत्रात नाही, विक्रीत आहे. हायब्रिड यंत्रणा बेस मॉडेलमध्ये मिळत नाही, मधल्या किंवा वरच्या मॉडेलांतच मिळते. सनरूफ नको, मोठा स्क्रीन नको, साध्या कापडी सीटवर फक्त ॲव्हरेज हवं, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाईकासाठी गाडीच नाही. मी स्वतः एका शोरूममध्ये हे विचारलं तेव्हा विक्रेत्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, बेसमध्ये येत नाही, आणि वरच्याला वेटिंग आहे." वेटिंगचं म्हणाल तर २०२३ मध्ये इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या हायब्रिड मॉडेलांचं बुकिंग काही काळ थांबवावं लागलं होतं, कारण मागणीला पुरेल एवढा माल येत नव्हता.

सरकार यात मदत का करत नाही?

केली, मागे घेतली, परत थोडी केली. हा इतिहास जरा सावकाश सांगायला हवा, कारण कळीची गोष्ट इथे आहे.

एप्रिल २०१५ मध्ये केंद्राची 'फेम' योजना आली. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना अनुदान होतं. पण त्यात तथाकथित माइल्ड हायब्रिडही बसत होत्या. म्हणजे साध्या डिझेल गाडीला थोडी मोठी बॅटरी आणि सिग्नलला इंजिन बंद करण्याची सोय. मोटर चाकं एकटीने फिरवू शकत नाही, तरी अनुदान मिळालं. एप्रिल २०१७ पासून डिझेल माइल्ड हायब्रिड त्यातून वगळल्या, हे योग्यच झालं. पण तीनच महिन्यांनी, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मोठ्या हायब्रिड गाड्यांवर २८ टक्के कर अधिक १५ टक्के सेस, असे ४३ टक्के लागले. इलेक्ट्रिक गाडीचा कर १२ टक्के होता, तो ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के झाला. बारा टक्के आणि त्रेचाळीस टक्के यांच्यात जे काही मधलं होतं, ते गेलं.

मग आली २२ सप्टेंबर २०२५ ची जीएसटी कपात. छोट्या पेट्रोल गाड्या २९ वरून १८ टक्क्यांवर आल्या, ही मोठीच गोष्ट. मोठ्या एसयूव्ही ५० वरून ४० वर आल्या. आणि हायब्रिड? ४३ वरून ४०. चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीच्या आत बसणारी हायब्रिड असेल तर तिलाही १८ टक्केच आहेत, पण ही कपात झाली तेव्हा आपल्या बाजारातल्या पूर्ण हायब्रिड गाड्या सगळ्या चार मीटरपेक्षा लांब होत्या.

आधी दीड लिटरच्या आतल्या, चार मीटरपेक्षा लांब साध्या पेट्रोल गाडीला ४५ टक्के होते आणि त्याच गाडीच्या हायब्रिड अवताराला ४३. दोन टक्क्यांची का होईना, सवलत होती. आता दोघींना ४०. हायब्रिडची मूळ किंमत जास्त, त्यामुळे टक्का तोच असला तरी रुपयांत कर हायब्रिडवाला जास्त भरतो. वर महाराष्ट्रातला एकरकमी वाहन करही किमतीच्या टक्क्यांत असतो, पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के. म्हणजे पासिंगच्या वेळी पुन्हा तेच. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये पूर्ण हायब्रिडची नोंदणी करमुक्त केली. आपल्याकडे पेट्रोल वाचवणाऱ्या यंत्रावर दोनदा कर बसतो, आणि हे मला मुळीच पटत नाही.

मग कर कशावर असावा?

गाडी किती पेट्रोल जाळते त्यावर. आपला कर लांबी आणि सीसी मोजतो, ॲव्हरेज विचारतच नाही. चार मीटरच्या आत गाडी बसवायची म्हणून सेडानच्या डिकी कापल्या गेल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. एका नियमाने कंपन्या गाडीचा आकार बदलतात, तर ॲव्हरेजही बदलतील. फ्रान्समध्ये २००८ पासून नव्या गाडीच्या धुरातल्या कार्बनवर दंड ठरतो.

कंपन्यांवर ॲव्हरेजचं काही बंधनच नाही का?

आहे. त्याला कॅफे नियम म्हणतात. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढतात. पहिला टप्पा २०१७-१८ पासून आला, दुसरा २०२२-२३ पासून, आणि दुसऱ्यात ही सरासरी किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आसपास हवी (जेवढं इंधन जास्त जळतं, तेवढा हा वायू जास्त).

दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. मर्यादा गाड्यांच्या वजनावर ठरते. जड गाड्या विकणाऱ्या कंपनीला सैल मर्यादा, हलक्या गाड्या विकणारीला कडक. हलकी गाडी बनवणं हा पेट्रोल वाचवण्याचा सगळ्यात साधा मार्ग, आणि नियमात त्याचं बक्षीस नाही. दुसरं, हिशेबात एक इलेक्ट्रिक गाडी तीन गाड्यांसारखी मोजतात आणि एक पूर्ण हायब्रिड दोनसारखी. म्हणजे थोड्या इलेक्ट्रिक विकून बऱ्याच जड एसयूव्हींचा धूर कागदावर झाकता येतो. नियम सरासरीचा आहे, तुम्ही घेताय त्या गाडीचा नाही.

कंपनी सांगते तेवढं ॲव्हरेज मिळत का नाही?

कारण ती चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर होते. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, तिचं नाव जाहिरातीतल्या आकड्याखाली असतं. चाचणीचा ठरलेला नकाशा असतो: शहरी भागात वेग ५० च्या वर जात नाही, बाहेरच्या भागात ९० च्या वर नाही, एसी बंद. मे महिन्यात नागपुरात एसी बंद ठेवून कोण गाडी चालवतं? तो आकडा खोटा नाही, पण दोन गाड्यांची तुलना करण्यापुरताच वापरा. माझ्या वहीप्रमाणे शहरात जाहिरातीच्या सत्तर टक्के मिळालं तरी गाडी चांगली म्हणायची.

पूर्वी डिझेल गाड्या स्वस्तात पंचवीसचं ॲव्हरेज द्यायच्या. त्या कुठे गेल्या?

गेल्या, आणि त्यांची जागा भरली गेलेली नाही. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा यांच्यातलं १.३ लिटरचं फियाटचं डिझेल इंजिन आपल्या रांजणगावातही तयार होत होतं. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात निम्म्या वरातींमागे त्याचा आवाज असायचा. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचं कडक बंधन लागू झालं. डिझेलचा धूर तेवढा स्वच्छ करायचा तर महागडा फिल्टर आणि बाकी साज लागतो, छोट्या गाडीच्या किमतीत तो बसत नाही. मारुतीने डिझेलच बंद केलं. हवेसाठी ते गरजेचं होतं, दिल्लीची हवा बघितल्यावर त्यावर वाद घालता येत नाही. पण सामान्य माणसाच्या हातातली सगळ्यात काटकसरी गाडी त्या दिवसापासून जवळपास संपली आणि तिच्या जागी त्याच किमतीची दुसरी काटकसरी गाडी कुणी दिली नाही.

मग सीएनजी?

आजच्या घडीला मध्यमवर्गाचं खरं उत्तर तेच आहे. कंपनीची सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा लाखाच्या आसपास महाग पडते. हिशेबासाठी सीएनजी ९० रुपये किलो आणि ॲव्हरेज २५ धरलं, आणि त्याच छोट्या गाडीचं पेट्रोलवर १७, तर १,००० किलोमीटरमागे अडीच हजार वाचतात. चाळीस महिन्यांत वसूल. हायब्रिडच्या अकरा वर्षांशी ताडून बघा! महाराष्ट्राने एप्रिल २०२२ मध्ये सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्के केला, त्याचाही फायदा झाला.

अडचणी तुम्हाला माहीत आहेत. डिकी टाकीने भरलेली, गणपतीला गावी जाताना सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न. टाटांनी २०२३ मध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, ते डोकं चांगलं चालवलं. साठ लिटरच्या टाकीत आठ-नऊ किलोच गॅस मावतो, म्हणून पंपाच्या रांगेत वारंवार उभं राहावं लागतं. आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, ती चुकवू नका.

छोट्या, हलक्या गाड्याच लोक घेत नाहीत, त्याला कोण काय करणार?

हा आरोप अर्धाच खरा आहे. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, त्यातल्या ६५ टक्क्यांच्या आसपास एसयूव्ही आणि तत्सम. उंच, चौकोनी, जड गाडीला वारा जास्त अडवतो आणि पेट्रोल जास्त लागतं, हे उघड आहे. पण लोक उंच गाडी का घेतात? आमच्या गल्लीतल्या खड्ड्यात आणि गतिरोधकांवर छोट्या गाडीचं पोट घासतं म्हणून. ट्रकच्या शेजारी अंगाला पत्रा कमी आहे याची भीती वाटते म्हणून.

नॅनोची आठवण इथे येतेच. २००९ साली आली, ६२४ सीसीचं इंजिन, जाहीर ॲव्हरेज २३ च्या वर. दुचाकीवर चौघं जाणाऱ्या कुटुंबासाठी ती होती. पण तिची ओळख 'सगळ्यात स्वस्त गाडी' अशी झाली, आणि सोसायटीत सगळ्यात स्वस्त गाडी कुणालाच उभी करायची नव्हती. जून २०१८ मध्ये कारखान्यातून एकच नॅनो बाहेर पडली. मला अजूनही वाटतं की ती गाडी थोडी जास्त किमतीत, थोडी जास्त मजबूत आणि मानाने विकली गेली असती तर आज आपले रस्ते वेगळे दिसले असते. जपानमध्ये ६६० सीसीच्या, ३.४ मीटरच्या आतल्या 'केई' गाड्या नव्या विक्रीच्या जवळपास एक-तृतीयांश असतात, आणि तिथे त्यात बसायला कुणाला संकोच वाटत नाही. कर आणि पार्किंगच्या सवलती त्यांच्या मागे अनेक दशकं उभ्या आहेत.

ई-२० पेट्रोलमुळे ॲव्हरेज कमी झालं, हे खरं का?

खरं आहे. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. पाचवा हिस्सा इथेनॉल घातलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी झाली. ई-२० साठी जुळवलेलं इंजिन त्यातलं काही भरून काढतं, जुनं काढत नाही. उसाच्या शेतकऱ्याला पैसे मिळतात, आयात कमी होते, हे मला मान्य आहे, माझं आजोळ ऊस पट्ट्यातलंच. पण कमी ताकदीचं इंधन लिटरला त्याच भावाने घेतलं तर फरक गाडीवाल्याच्या खिशातून जातो, हे पंपावर स्पष्ट सांगायला हवं होतं.

सरळ इलेक्ट्रिकच घ्यावी का?

स्वतःचं पार्किंग आणि तिथे चार्जर लावता येत असेल, रोजचं फिरणं ठरलेलं असेल, तर जरूर. चाळीत किंवा रस्त्यावर गाडी लावत असाल तर आधी चार्जिंगची सोय बघा, मग गाडी.

गाडी बदलून जास्त फायदा कुणाला होतो?

इथे आपल्या 'लिटरला किती' या भाषेमुळे चूक होते. १० चं ॲव्हरेज देणारी गाडी बदलून १५ ची घेतली तर हजार किलोमीटरला ३३ लिटर वाचतं. २० ची बदलून २५ ची घेतली तर फक्त १०. दोन्हीकडे फरक पाचचाच दिसतो! घरात दोन गाड्या असतील तर जास्त पिणारी आधी बदला. आणि आधीच अठरा-वीस देणारी गाडी असेल तर हायब्रिडसाठी कर्ज काढू नका.

सेकंड हँड हायब्रिड घ्यावी का?

आपल्याकडे नव्यापेक्षा जुनी गाडी घेणारे जास्त, त्यामुळे कोणतंही तंत्र खरं पोचतं ते दुसऱ्या मालकाकडे. २०२२ नंतरच्या हायब्रिड आता हळूहळू जुन्या बाजारात येऊ लागल्यात. टोयोटा हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते. ती किती उरलीय आणि सगळं सर्व्हिसिंग कंपनीतच झालंय का, हे कागदावर बघा. नारिंगी वायरी मोठ्या दाबाच्या असतात, त्यांना कोपऱ्यावरच्या फिटरला हात लावू देऊ नका. तालुक्याच्या गावी राहत असाल तर जवळचं हायब्रिड दुरुस्त करणारं वर्कशॉप किती किलोमीटरवर आहे ते आधी विचारा. बऱ्याच जणांचा निर्णय तिथेच होतो.

माझ्या गाडीचं खरं ॲव्हरेज कसं काढू?

स्क्रीनवरच्या आकड्यावर जाऊ नका. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करा, किलोमीटर लिहा. तीन-चारशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा, त्याच पंपावर पुन्हा तसंच फुल करा. गेलेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा पडलेले लिटर. एकदा काढून थांबू नका, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात निदान तीन-तीनदा काढा. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघा. आणि वही गाडीतच ठेवा, घरी ठेवलेल्या वहीत कुणी लिहीत नाही.